स्पॅमडीचे चाइल्ड ५ वरून ४० केले, तरी सकाळी मेल तुंबतात

गिरणाकाठ · सोमवार, दुपारी १.१०

नमस्कार मंडळी. जळगाव एमआयडीसीत मेल सर्व्हर आहे. ३५ डोमेन, ११०० च्या आसपास खाती: पाइपवाले, डाळ मिल, केळीचे व्यापारी, ट्रान्सपोर्ट. डेबियन ११, पोस्टफिक्स (मेल पोचवणारा), स्पॅमअसॅसिन ३.४.६ (स्पॅम ओळखणारा), शेजारी क्लॅमएव्ही (व्हायरस तपासणारा, त्याची सतत चालणारी प्रोसेस क्लॅमडी). ४ कोर, ४ जीबी रॅम. पोस्टफिक्स पाइपने स्पॅमसी चालवतो आणि स्पॅमसी मेल स्पॅमडीकडे देतो. स्पॅमडी म्हणजे स्पॅमअसॅसिनची सतत चालणारी प्रोसेस, तपासणी तिच्या उप-प्रोसेस म्हणजे चाइल्ड करतात.

सकाळी १० ते १२ रांग वाढते. मॅक्स-चिल्ड्रनची (एका वेळी जास्तीत जास्त किती चाइल्ड, ती) मर्यादा गाठली, वाढवायचा विचार करा, अशी ओळ लॉगमध्ये सारखी येते. म्हणून ५ चे ४० केले. आता स्वॅप भरतो, आणि परवा कर्नलने क्लॅमडीलाच मारलं. शिवाय काही मेल स्पॅमचं एकही हेडर न लागता इनबॉक्सात पोचतात. नेमके किती चाइल्ड ठेवू? २०? २५?

सातपुडा_रूट · सोमवार, दुपारी १.४५

लॉगमधल्या त्या ओळीने फार जणांना फसवलंय भो. सगळे चाइल्ड गुंतलेत एवढंच तिला दिसतं. का गुंतलेत, ते तिला कुठून कळणार?

स्पॅमडीचा एक चाइल्ड एका वेळी एकच मेल तपासतो. त्या मेलसाठी तो डीएनएसच्या (नावांची माहिती देणाऱ्या यंत्रणेच्या) उत्तराची वाट बघत नुसता बसला असेल, तरी दुसरं मेल घेत नाही. त्यामुळे हिशोब सरळ आहे: सेकंदाला किती मेल येतात, गुणिले एका मेलला किती सेकंद लागतात. सेकंदाला दीड मेल आणि तपासणीला २ सेकंद, तर सरासरी ३ चाइल्ड गुंतलेले राहतील. तीच तपासणी १२ सेकंदांची झाली की १८. मेल तेवढेच, सर्व्हर तोच, चाइल्ड सहापट. म्हणजे आधी दुसरा आकडा बघायचा.

मेल लॉगमधून 'स्कॅनटाइम=' (एका मेलच्या तपासणीचे सेकंद) असलेल्या ओळी वेगळ्या काढा. त्यातले आकडे काढून लहान-मोठे क्रमाने लावा. मधला आकडा आणि शंभरातला पंच्याण्णवावा, हे दोन इथे टाका. सरासरी टाकू नका, दोन-चार अडकलेले मेल तिची वाट लावतात. सकाळचे वेगळे आणि रात्री २ ते ४ चे वेगळे काढा. रात्रीचे का, ते आकडे आल्यावर सांगतो.

केळीबाग_रावेर · सोमवार, दुपारी २.०५

तोवर ४० खाली आणा, नाहीतर संध्याकाळी परत कुणीतरी मरेल. एकट्या क्लॅमडीच्या सह्या (व्हायरस ओळखायच्या खुणा) रॅममध्ये १ जीबीच्या वर जातात. पोस्टफिक्स, डव्हकॉट आणि बाकी सिस्टिमला पाऊण-एक जीबी धरा. उरतात दोनच्या आत-बाहेर. चाइल्डमागे ९० एमबी धरले तर २० च्या पुढे जागाच नाही, आणि फाइल कॅशला काही ठेवायचं तर १२-१५ वर थांबावं लागेल. स्वॅपमध्ये गेलेला चाइल्ड मेल तपासायला जास्त वेळ घेतो, तो जास्त वेळ घेतो म्हणून आणखी चाइल्ड लागतात, ते आणखी स्वॅपमध्ये जातात. तुमचं ४० चं हेच झालंय. फाइल: ईटीसीच्या डीफॉल्ट फोल्डरातली स्पॅमअसॅसिन, त्यातली ऑप्शन्सची ओळ.

भुसावळ_यार्ड · सोमवार, दुपारी ३.२०

९० एमबी कशावरून? पीएस कमांडमधल्या आरएसएसवरून (प्रोसेसने धरलेली रॅम) असेल तर हिशोब जरा कडक झाला. पालक प्रोसेस सगळे नियम एकदाच वाचून कंपाइल करतो आणि मग फोर्क करतो, म्हणजे स्वतःची प्रत काढून चाइल्ड बनवतो. नवा चाइल्ड पालकाचीच पानं (रॅमचे तुकडे) वापरत असतो, आणि आरएसएस ती सामाईक पानं प्रत्येकाच्या नावावर पुन्हा पुन्हा मांडतो. स्मेम टाकून पीएसएसचा (सामाईक पानं वाटून मोजणारा) रकाना बघा, खरा भार तिथे दिसतो.

केळीबाग_रावेर · सोमवार, दुपारी ३.४०

नव्या चाइल्डपुरतं मान्य. पण पर्ल भाषेत आहे हो ते. नुसतं एखादं मूल्य वाचायला घेतलं तरी त्याचा संदर्भ-आकडा बदलतो. आकडा बदलला की ते पान लिहिलं गेलं, आणि लिहिलं गेलं की त्याची वेगळी प्रत झाली. शंभरेक मेल तपासलेल्या चाइल्डचा पीएसएस बघा आणि नुकत्याच जन्मलेल्याचा बघा. म्हणून मी जुन्या चाइल्डचा आकडा धरतो. गर्दीच्या वेळी सगळे जुनेच असतात.

मॅक्स-कॉन-पर-चाइल्ड हा पर्याय त्यासाठीच आहे. मूळ किंमत २००. तेवढी मेल झाली की चाइल्ड निवृत्त होतो, त्याच्या जागी ताजा येतो. रॅम तंग असेल तर १०० करा. फोर्क स्वस्त आहे, नियम परत वाचावे लागत नाहीत. १० वगैरे मात्र करू नका. बेजचा (मेलवरून शिकून स्पॅम ओळखणाऱ्या भागाचा) डेटाबेस एसक्यूएलवर असेल तर दर दहा मेलमागे नवं कनेक्शन उघडत बसाल.

भुसावळ_यार्ड · सोमवार, दुपारी ३.५५

बठ्ठं बरोबर शे. पण मोजा, अंदाज नको.

गिरणाकाठ · सोमवार, रात्री ९.३०

मॅक्स-चिल्ड्रन १२ केलं. आकडे: गर्दीत मिनिटाला ८८ पर्यंत मेल. सकाळचा स्कॅनटाइम मधला ११.४, पंच्याण्णवावा १६. रात्री २ ते ४: मधला १०.६, पंच्याण्णवावा १२. रात्रीही एवढा कसा? तेव्हा तर सर्व्हर झोपलेला असतो.

सातपुडा_रूट · सोमवार, रात्री ९.५०

रात्रीचे आकडे याच्यासाठीच मागितले. सर्व्हर रिकामा असतानाही साडेदहा सेकंद लागत असतील तर प्रोसेसर आणि रॅम दोन्ही निर्दोष आहेत, तुमचे चाइल्ड कुणाची तरी वाट बघत बसतात. आणि आकडा १० च्या अगदी अंगाला आहे. खऱ्या कामाचे सेकंद असे गोल येत नाहीत, टाइमआउटचे येतात.

एक साधं मेल फाइलमध्ये साठवा आणि स्पॅमअसॅसिनची कमांड डीबगमध्ये फक्त 'टायमिंग' मागून त्या फाइलवर चालवा. ज्या युजरखाली स्पॅमडी तपासतो त्याच युजरने, रूटने नको. शेवटी एक लांबलचक ओळ येते, प्रत्येक टप्प्याला किती मिलिसेकंद गेले त्याची. 'इनिट' सोडून द्या, स्पॅमडीत तो खर्च सुरुवातीला एकदाच होतो. 'चेक_रेझर२', 'चेक_पायझर', 'पोल_डीएनएस_आयडल' आणि 'चेक_बेज' हे चार बघा. रेझर आणि पायझर म्हणजे मेल स्पॅम आहे का ते बाहेरच्या सर्व्हरला विचारणाऱ्या तपासण्या.

गिरणाकाठ · सोमवार, रात्री १०.२५

चेक_रेझर२: ५००४. चेक_पायझर: ५०११. पोल_डीएनएस_आयडल: २१०. चेक_बेज: ९०. कॉन्फिगमध्ये दोघांचेही टाइमआउट ५-५ सेकंद लिहिलेत.

सातपुडा_रूट · सोमवार, रात्री १०.३५

सापडलं. रेझर बाहेर जातो टीसीपी २७०३ वर, पायझर यूडीपी २४४४१ वर. तुमच्या पुढचा फायरवॉल दोन्ही गिळतोय. गिळतोय म्हणजे ड्रॉप करतोय. नकार दिला असता तर मिलिसेकंदात कळलं असतं. उत्तरच येत नाही म्हणून चाइल्ड प्रत्येकाची पाच-पाच सेकंद वाट बघतो, आणि तीही एकापाठोपाठ एक. डीसीसी (तशीच तिसरी तपासणी) लावला असेल तर तो यूडीपी ६२७७, तोही तपासा.

एकतर पोर्ट उघडा, नाहीतर यूज_रेझर२ ० आणि यूज_पायझर ० लिहा. अर्धवट ठेवू नका. ४.० मध्ये ही दोन्ही कामं वेगळ्या फोर्कमध्ये टाकायची सोय आहे, वाट बघणं तिथे एकमेकांवर चढत नाही. पण बंद पोर्टवर वाट बघण्यात तिथेही काही अर्थ नाही.

कान्हदेश_२०४८ · मंगळवार, सकाळी ८.१५

डीएनएस २१० मिलिसेकंद दिसला म्हणून सोडू नका. पटकन येणारं उत्तर नकाराचंही असू शकतं. हेडरमध्ये यूआरआयबीएल_ब्लॉक्ड (यादीवाल्याने उत्तर नाकारलं, अशी खूण) हा नियम लागलेला दिसतो का? रिझॉल्व्हर (डीएनएसची उत्तरं शोधून आणणारा) कोणता आहे?

गिरणाकाठ · मंगळवार, सकाळी ८.४०

दिसतो, जवळजवळ प्रत्येक मेलवर. रिझॉल्व्हर ८.८.८.८, गुगलचा सार्वजनिक.

कान्हदेश_२०४८ · मंगळवार, सकाळी ९.००

मग काळ्या याद्या (स्पॅमवाल्यांच्या पत्त्यांच्या, डीएनएसवरून विचारायच्या) तुमच्याकडे चालतच नाहीत. सार्वजनिक रिझॉल्व्हरवरून लाखो लोकांच्या चौकश्या एकाच पत्त्यावरून येतात, म्हणून याद्यावाले त्यांना उत्तर देत नाहीत. स्पॅमहाउस (अशाच याद्या चालवणारी संस्था) अशा चौकशीला १२७.२५५.२५५.२५४ हे उत्तर देतं. पडताळायचं तर २.०.०.१२७ मागे झेन.स्पॅमहाउस.ऑर्ग लावून डिग (डीएनएसला विचारायची कमांड) करा. १२७.०.०.२ सारखी उत्तरं आली तर ठीक.

त्याच मशिनवर अनबाउंड (स्वतःचा रिझॉल्व्हर) बसवा आणि त्याला स्वतः मुळापासून शोधू द्या. फॉरवर्ड-झोन लिहून पुन्हा ८.८.८.८ कडे पाठवलंत तर सगळं मुसळ केरात. लोकल.सीएफमध्ये डीएनएस_सर्व्हर १२७.०.०.१ लिहा, म्हणजे रिझॉल्व्ह.कॉन्फ कुणी बदलली तरी स्पॅमअसॅसिन आपल्या जागी राहील. धंद्याचा सर्व्हर आहे, तेव्हा याद्यांच्या फुकट वापराच्या अटीही वाचून घ्या.

आरबीएल_टाइमआउट (काळ्या याद्यांच्या उत्तराची वाट बघायची मुदत) मूळ १५ सेकंद असतो. सगळ्या चौकश्या सुरुवातीलाच एकदम सुटतात आणि नियम चालू असताना उत्तरं गोळा होतात, त्यामुळे १५ ही सगळ्यांची मिळून मर्यादा आहे, दर चौकशीची नाही. लिंक खराब असेल तेव्हा मी ५ वर आणतो. त्याहून खाली गेलात तर अनबाउंडची कॅश थंड असताना खरी उत्तरंही हुकतील.

पांझरा_पाइप · मंगळवार, सकाळी १०.१०

हेडर नसलेल्या मेलचं कुणी बोललंच नाही, आणि ग्राहक ओरडतो तो त्यावर.

कारणं दोन. पहिलं साधं: स्पॅमसी मुळात ५०० केबीपर्यंतचीच मेल तपासायला देतो, त्यावरची जशीच्या तशी पुढे. मेल म्हणजे अटॅचमेंट नव्हे हे लक्षात घ्या. बेस६४ मध्ये फाइल एक-तृतीयांशाहून जास्त फुगते, म्हणजे ३७५ केबीची स्कॅन केलेली पीडीएफ जोडली की मर्यादा संपली. टेंडर आणि बिल्टीवाल्यांची निम्मी मेल तिथेच जाते. एस पर्यायाने मर्यादा वाढवता येते, पण प्रत्येक मेगाबाइट चाइल्डची रॅम खातो. एक एमबीवर थांबा.

दुसरं कारण तुमच्या तुंबण्याशी जोडलेलं. मास्टर.सीएफमध्ये पाइपच्या ओळीत मॅक्सप्रॉकच्या (एका वेळी किती प्रोसेस, त्या) रकान्यात नुसती आडवी रेघ असेल, तर पोस्टफिक्स मूळ मर्यादेपर्यंत म्हणजे १०० पर्यंत स्पॅमसी उभे करतो. आत चाइल्ड ५. बाकीचे पंच्याण्णव लिसन-बॅकलॉगमध्ये, म्हणजे जोडणीच्या रांगेत. एसएस कमांडने ७८३ पोर्टची लिसनची ओळ बघा, रिसीव्ह-क्यूचा आकडा म्हणजे दाराबाहेर उभे असलेले. स्पॅमसीची वाट बघायची मुदत ६०० सेकंद. ती संपली किंवा जोडणीच झाली नाही, की तो मेल न तपासता सोडून देतो. याला सुरक्षित माघार म्हणतात. मेल हरवत नाही या अर्थाने सुरक्षित, बरं का.

म्हणून रांग पोस्टफिक्सच्या दारात उभी राहू दे. तिथली मेल डिस्कवर असतात, आपोआप परत प्रयत्न होतो, कितीही वेळ थांबू शकतात. मॅक्सप्रॉक हा मॅक्स-चिल्ड्रनपेक्षा एखाद-दोनने कमी ठेवा. चाइल्ड ८ तर मॅक्सप्रॉक ७, उरलेला एक हाताने चाचणी करायला.

न तपासलेलं मेल सोडायचंच नसेल तर स्पॅमसीला छोटा एक्स लावतात, पण एकटा लावू नका! छोटा एक्स माघार बंद करतो आणि स्पॅमडी सापडला नाही की ६९ कोड देऊन बाहेर पडतो. पोस्टफिक्सच्या पाइपला ७५ म्हणजे 'नंतर बघू', आणि ६९ म्हणजे मेल परत पाठव. स्पॅमडी रीस्टार्ट होत असतानाच्या चार सेकंदांत आलेली मेल बाउन्स होतील. सोबत मोठा एक्स लावा, तो ६९ चा ७५ करतो. आणि ई पर्याय नेहमी सगळ्यात शेवटी.

केळीबाग_रावेर · मंगळवार, सकाळी १०.३०

मोठ्या एक्सबद्दल दुजोरा. छोटा एकटा लावून ठेवलेले सर्व्हर अजून पुष्कळ आहेत.

अनेर_धरण · मंगळवार, सकाळी ११.२०

एवढं करण्यापेक्षा स्पॅमअसॅसिनऐवजी आरस्पॅमडी टाका की. चाइल्ड मोजायची भानगडच नाही.

भुसावळ_यार्ड · मंगळवार, सकाळी ११.५०

भानगड कमी, नाही असं नाही. आरस्पॅमडी सी भाषेत आहे आणि घटनांवर चालतो. एक वर्कर डीएनएसचं उत्तर येईपर्यंत दुसरी मेल हातात घेतो, म्हणून तिथे वाट बघण्याची किंमत रॅममध्ये मोजावी लागत नाही. वर्करची संख्या कोरच्या हिशोबाने ठरते. नॉर्मल वर्कर ११३३३ वर, कंट्रोलर ११३३४ वर, पोस्टफिक्सला मिल्टर (मेल येतानाच तपासणारा) म्हणून जोडायचा प्रॉक्सी ११३३२ वर. पण ३५ डोमेनचे स्वतःचे नियम आणि शिकवलेला बेज हलवायचा म्हणजे आठवड्याचं काम. आणि ८.८.८.८ ठेवलात तर काळ्या याद्या तिथेही मुक्याच.

अमाविस (पोस्टफिक्सला तपासण्या जोडून देणारा प्रोग्रॅम) वापरणाऱ्यांसाठीही सांगून ठेवतो: तो स्पॅमडी वापरत नाही, स्पॅमअसॅसिन स्वतःच्या पोटात घेतो. तिथे मॅक्स_सर्व्हर्स हा आकडा, मूळ २, आणि मास्टर.सीएफमधला मॅक्सप्रॉक त्याच्याशी जुळलेला हवा. स्पॅमडीचे चाइल्ड वाढवून अमाविसला काडीचा फरक पडत नाही, तरी लोक दोन्ही चालू ठेवतात आणि रॅम कुठे गेली म्हणून विचारतात.

गिरणाकाठ · बुधवार, दुपारी १२.४०

रेझर-पायझर बंद, अनबाउंड चालू, मॅक्स-चिल्ड्रन ८, मॅक्सप्रॉक ७, दोन्ही एक्स. आजचा सकाळचा स्कॅनटाइम मधला १.६, पंच्याण्णवावा ४.१. ११ वाजता चाइल्डच्या स्थितीच्या ओळीत तीन-चार बी (गुंतलेले), बाकी आय (मोकळे). स्वॅप हलला नाही.

एकच खटकतं. दिवसातून दोन-तीनदा एखादा चाइल्ड मिनिटभर बी मध्येच अडकतो, प्रोसेसर खात नाही, आणि त्याच वेळी बाकीचेही मंद होतात. बेजच्या फोल्डरात बेज_टोक्स.एक्स्पायर आणि पुढे आकडा, अशा नावाच्या १४ फाइली सापडल्या.

सातपुडा_रूट · बुधवार, दुपारी १.१५

बेजची साफसफाई. मूळ मर्यादा दीड लाख टोकनची (मेलमधून शिकलेल्या शब्दांच्या नोंदींची). ती ओलांडली की ज्या चाइल्डच्या हाती त्या वेळी मेल असेल, त्यालाच डेटाबेस कुलूप लावून झाडून काढावा लागतो. बाकीचे त्या कुलपापाशी थांबतात. झाडणं लांबलं आणि चाइल्डची ३०० सेकंदांची मुदत संपली की तो मरतो, अर्धवट फाइल मागे राहते, आणि पुढचा चाइल्ड परत पहिल्यापासून सुरू करतो. तुमच्या १४ फाइली म्हणजे असे १४ अर्धवट प्रयत्न.

बेज_ऑटो_एक्स्पायर ० करा. रात्री ३ ला क्रॉनमधून (ठरल्या वेळी कमांड चालवणारा) एसए-लर्न फोर्स-एक्स्पायर, त्याच युजरने. रूटने चालवलंत तर रूटचा वेगळाच बेज साफ होईल, नाहीतर फाइलींची मालकी बदलून सकाळी सगळे चाइल्ड बेजविना चालतील. स्पॅमडी थांबवून त्या जुन्या एक्स्पायर फाइली उडवा, बेज_टोक्स आणि बेज_सीन यांना हात लावू नका. डिस्क लोकल आहे ना? मग लॉक_मेथड फ्लॉक लिहा. मूळची पद्धत एनएफएसलाही (नेटवर्कवरच्या डिस्कलाही) चालावी म्हणून सावध आहे आणि त्यामुळे मंद.

कान्हदेश_२०४८ · बुधवार, दुपारी १.४०

पुढे कधी बेज रेडिसवर (रॅममध्ये चालणारा डेटाबेस) नेलात तर हे ऑटो_एक्स्पायर ० तिथे नेऊ नका. रेडिसमध्ये टोकनची मुदत टीटीएलने (नोंद किती वेळ ठेवायची, त्या आकड्याने) संपते, आणि ती टीटीएल ऑटो_एक्स्पायर १ असतानाच लागते. ० ठेवलंत तर रेडिस फुगत जातो.

पांझरा_पाइप · बुधवार, दुपारी २.३०

बाकीचे पर्याय: मिन-चिल्ड्रन ३, मिन-स्पेअर २, मॅक्स-स्पेअर ४ करा. मूळ १, १, २ असतात, आणि पालक चाइल्ड एकेक करून वाढवतो, त्यामुळे साडेदहाच्या लाटेला सुरुवातीला उशीर होतो. राउंड-रॉबिन लावायचा सल्ला कुठे वाचलात तर सोडून द्या. पालक मोजक्याच चाइल्डना सतत कामाला लावतो आणि बाकीच्यांना निवांत ठेवतो, ते मुद्दाम केलेलं आहे. राउंड-रॉबिनमध्ये सगळे सारखेच वापरले जातात आणि सगळ्यांचीच रॅम फुगते.

नियम अद्ययावत झाल्यावर रीस्टार्ट करताना: एसए-अपडेट ० परत देतो तेव्हाच नवं काही बसलेलं असतं, १ म्हणजे नवं काही नाही. क्रॉनमध्ये ० वरच पुढे जा, आधी लिंट (नियमांत चूक नाही ना, ते बघणं), मग रीलोड. दर तासाला उगाच रीस्टार्ट करणारी क्रॉन बघितल्यात, त्या काढा. आणि डेबियन १२ वर जाल तेव्हा स्पॅमडी वेगळं पॅकेज झालंय. सर्व्हिसचं नाव स्पॅमडी, डीफॉल्ट फाइलही स्पॅमडी. जुन्या फाइलीतले ८ चाइल्ड तिकडे आपोआप जात नाहीत, गुपचूप ५ होतात.

गिरणाकाठ · बुधवार, सायंकाळी ६.०५

शेवटचा प्रश्न. उन्हाळ्यात लोडशेडिंग आणि फायबर दोन्हीचा भरवसा नसतो. दोन तास लिंक गेली आणि परत आली की दोनेक हजार मेल एकदम येतात. तेवढ्या वेळेपुरते चाइल्ड वाढवावेत का?

सातपुडा_रूट · बुधवार, सायंकाळी ६.३०

नाही. ७ स्पॅमसी, मेलला १.६ सेकंद, म्हणजे सेकंदाला चारच्या थोडं वर. दोन हजार मेल आठ मिनिटांत निघतात. लिंक आल्या-आल्या अनबाउंडची कॅश शिळी असते, पहिल्या मिनिटाला स्कॅनटाइम चढेल, तेव्हा दहा-बारा मिनिटं धरा. पोस्टक्यूला एफ लावून रांग हाताने ढकलू नका. क्यू मॅनेजर दर ३०० सेकंदांनी मागे पडलेली मेल आपणहून बघतो. लिंक आल्यावर अनबाउंड उत्तर देतोय का, तेवढं एकदा डिग करून बघा.

गिरणाकाठ · बुधवार, सायंकाळी ६.४०

८ वरच ठेवतो मग. जुन्या एक्स्पायर फाइली आज रात्री काढतो.